तळाला भोक न पाडणारे मामा

१० मार्चची ती दुपार. युनिटमध्ये माझ्या टेबलावर शिलाई मशीन मांडून मी नावेचं शीड शिवत होते, आणि मामा शेजारी उभे राहून टेबलावर टिचक्या मारत होते. हाताला लागेल त्यावर टिचकी मारायची त्यांची खोडच होती. बादली, कूलर, लग्नघरातली कलिंगडं. फायबरच्या टाकीच्या थरात हवा अडकली की टिचकीचा आवाज बोदा येतो म्हणे.

मामा सगळ्यांचेच मामा. राहायला छत्रीबागेत; पणजोबा होळकरांच्या फौजेत होते. मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची कापडमिल बंद पडल्यावर ते सांवेर रोडच्या आमच्या युनिटमध्ये पाण्याच्या टाक्या बनवायला लागले. मी तिथलं ऑफिस सांभाळत असे. टाकी गळली की कारागीर घरी, असा मालकाचा नियम होता. मामांनी तो पार अंगात मुरवला. "तळ म्हणजे तळ. त्याला हात लावायचा नाही," ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत.

तेव्हा शहरात रोज काहीतरी नवा धंदा निघत होता. पलासियातल्या एका व्यापाऱ्याला गावाबाहेरच्या तलावावर सैलान्यांसाठी, म्हणजे फिरायला येणाऱ्यांसाठी, शिडाच्या छोट्या नावा हव्या होत्या. मालक म्हणाले, नमुना चालला तर मामा कायम, आणि मिलमधले त्यांचे दोन जोडीदारही कामावर. नाही चालला तर हंगाम संपताच मामांनाही रामराम.

मामांनी जीव ओतला. कडा गोल, बसायच्या फळीखाली बंद पोकळी, म्हणजे उलटली तरी नाव बुडणार नाही. डोलकाठी दोन तुकड्यांत, जीपवर मावेल अशी. फक्त व्यापाऱ्याने दिलेल्या चित्रात तळाच्या मधोमध एक चीर होती, आणि पाणी आत येऊ नये म्हणून तिच्याभोवती उभी पेटी. तिच्यातून फळी पाण्यात सोडायची, म्हणजे वारा नावेला आडवं ढकलत नाही.

"क्या भिया, नावेला कुणी खालून भोक पाडतं का? चित्रवाल्याचं डोकं फिरलंय," असं मला ऐकवून (ते कुणालाही भिया, म्हणजे भाऊ, म्हणत) मामांनी तळ अखंड ठेवला.

शीड शिवून झालं तशी संध्याकाळी आम्ही नाव तलावावर नेली. मामा आत बसले. नाव सुरेख तरंगली. शिडात वारा भरला, आणि नाक समोर ठेवून ती सरळ बाजूला सरकत काठावरच्या बेशरमच्या झुडपात जाऊन बसली. ओढून काढली, पुन्हा सोडली. पुन्हा झुडपात.

व्यापारी पोट धरून हसला. "मामाजी, नाव बनाई के केकड़ा?"

मामा झुडपातून ओरडले, "आत थेंब आला का? एक थेंब दाखवा!"

"थेंब आला नाही मामा," मी म्हणाले, "पण तुम्हीही कुठे गेला नाहीत."

परवा पुन्हा बघू, असं सांगून व्यापारी गेला. युनिटवर परतल्यावर मामांनी नाव पालथी घातली, तळावरून हात फिरवला, करवत उचलली आणि खाली ठेवली.

"मिल बंद केली ती दुसऱ्यांनी. ही चांगली धडधाकट वस्तू मीच फाडू?"

"मग जोडीदारांना काय सांगू? येऊ नका?"

"उद्या बघू," म्हणत त्यांनी सायकल काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या आधी पोहोचले. चित्र समोर ठेवून तळावर खडूने रेघ मारली, ड्रिल लावलं आणि रेघेच्या टोकाला आरपार भोक पाडलं. मामा आले आणि त्यांनी भोकात बोट घालून पाहिलं.

"तिरकं पाडलंस, बेटा."

मी ड्रिल त्यांच्या हातात दिलं आणि चहा सांगायला गेले.