करंजाखालचा रांजण

चिकलठाण्याच्या कारखान्यांकडं जाणाऱ्या बसच्या थांब्यावर माझं पंक्चरचं दुकान होतं. समोरच्या करंजाखाली एक बाई रोज सकाळी हापशावरून पाणी आणून रांजण भरायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या पाळीचे कामगार घटाघट पेला रिकामा करून बस धरायचे. तिचं नाव कुणी कधी विचारलं नाही.

विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर पेटलं, तेव्हा मात्र ती कोणत्या वस्तीतून येते याची चौकशी झाली. कळल्यावर तीच माणसं रांजणाकडं पाठ करून उभी राहू लागली.

ती यायचीच. कालचं पाणी करंजाच्या मुळाशी ओतायची, रांजण आतून हातानं घासायची आणि पुन्हा काठोकाठ भरायची.

एकदा माझाच संताप झाला. म्हणालो, "मावशी, पितंय कोण हे? कशाला जीव काढता?"

"अन् कुणी आलंच तहानेलं, तर त्यानं शिळं काहून प्यावं, भाऊ?"

मी प्यायचो. पण एका माणसाच्या तहानेनं रांजण थोडाच सरतो? त्या उन्हाळ्यात माणसं कोरड्या घशानं बसची वाट बघत राहिली, आणि त्यांच्या वाट्याचं सगळं पाणी पिऊन करंज तेवढा हिरवागार झाला.