बांधावरचे अर्धे लिंबू

त्या प्रकरणातली एक वस्तू अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे: कुंकू लावलेले अर्धे लिंबू. पंचनाम्यात मी त्याची नोंद केली ती केवळ सवयीने. जे दिसेल ते लिहायचे, त्याचा अर्थ नंतर लावायचा, असे आम्हाला प्रशिक्षणात शिकवले होते.

एकोणीसशे पन्नासचे दशक संपत आले होते. मद्रासच्या हद्दीबाहेरच्या एका ग्रामीण ठाण्यावर मी सब-इन्स्पेक्टर होतो. बिऱ्हाड मद्रासमध्ये, वेस्ट मांबलमला. रजा मिळेल तेव्हा घरी जायचे. ठाण्याच्या भोवती, ओरगडमच्या बाजूला आज मोटारींचे कारखाने उभे आहेत, तिथे तेव्हा नजर पोचेल तिथवर भातशेती आणि तलाव होते. आमचे घराणे तंजावरचे, त्यामुळे घरी मराठी, कागदावर इंग्रजी आणि ठाण्यात सगळा व्यवहार तमिळमध्ये. पुढे दिलेली बोलणी मूळ तमिळमधली आहेत.

माझ्या हद्दीतल्या एका गावच्या पंचायतीचे वर्ष ठरलेले असे. उन्हाळ्यात पिण्याच्या विहिरी उपसायच्या, चिंचेच्या झाडांचा आणि तलावातल्या मासळीचा लिलाव करायचा. आडी महिन्यात, म्हणजे आषाढ-श्रावणात, ग्रामदेवतेची जत्रा. मग पावसाळ्यापूर्वी तलावाच्या बांधाची दुरुस्ती. प्रत्येक घराकडे बांधाचा ठरलेला तुकडा, आणि घरटी एक माणूस कामाला. त्या दिवशी बांधावरच्या देवाच्या दगडापुढे कापूर लावून लिंबू कापत. अर्धे लिंबू दगडाच्या कोनाड्यात राही, अर्धे घरी नेऊन उंबऱ्यावर ठेवत. मग पहिले फावडे पडे. हा मान एकाच घराण्याचा, आणि त्या वर्षी त्या घराण्यातले गृहस्थ पंचायतीचे अध्यक्षही होते. वय साठीच्या पुढे, जमीन बरीच, बोलणे मोजके.

त्या वर्षी पंचायतीत वाद झाला होता. तलावात जास्त पाणी साठावे म्हणून अध्यक्षांनी सांडव्यावर लाकडी फळ्या बसवून घेतल्या होत्या. तलावाचे जादा पाणी वाहून जायची तीच एक वाट. बांधाच्या दक्षिण टोकाखाली हरिजनांची वस्ती होती, आणि नेमका तोच तुकडा पंचायतीच्या वाट्याचा असून दुरुस्तीवाचून राहिला होता. वस्तीतून राखीव जागेवर निवडून आलेला एक सभासद होता, पस्तिशीचा, अंगाने काटक. भर सभेत तो म्हणाला होता, "पाणी तुम्ही कमी केले नाही, तर आम्हाला करावे लागेल." हे वाक्य गावाने जपून ठेवले.

दिवाळी होऊन गेली आणि बंगालच्या उपसागरातल्या वादळाने तीन दिवस पाऊस लावला. चौथ्या दिवशी सकाळी अध्यक्ष दहा-बारा शेतकऱ्यांसह ठाण्यावर आले. आदल्या संध्याकाळी, सगळे घरात असताना, कोणीतरी तलावाचा बांध उत्तर टोकाला फोडला होता. अध्यक्षांचे आणि त्यांच्या शेजाऱ्यांचे उभे भात वाळूखाली गेले होते. तलाव निम्मा रिकामा झाला होता. संशयित म्हणून त्या सभासदाचे नाव दिले गेले. बोलत होते बाकीचे. अध्यक्षांनी फिर्याद वाचली आणि सही केली. कलम ४३०, पाटबंधाऱ्याचे नुकसान.

पंचनाम्यासाठी मी बांधावर गेलो. भगदाडाच्या कडा फावड्याने कापल्यासारख्या सरळ होत्या. बांध आपोआप फुटला नव्हता. पाण्याने पायांच्या खुणा ठेवल्या नव्हत्या. थोड्या अंतरावर देवाचा दगड होता. त्याच्या कोनाड्यात कापराची काजळी आणि कुंकू लावलेले अर्धे लिंबू दिसले. लिंबू ताजे होते. लिहिले आणि पुढे गेलो.

दुपारपर्यंत खबर मिळाली. शेळ्या राखणाऱ्या एका बाईने सांगितले की, अंधार पडायच्या सुमारास तो सभासद खांद्यावर फावडे टाकून बांधावर चढताना तिने पाहिला. त्याच्या झोपडीत फावडे सापडले. दांड्याला बांधाची लाल माती होती. फावडे मुद्देमालात जमा केले, त्याला अटक केली.

पुरावा मजबूत होता आणि हेतू उघड होता. माझी काळजी वेगळीच होती. गावातल्या दुकानदारांनी वस्तीला तांदूळ आणि रॉकेल देणे बंद केले. काही तरुण काठ्या घेऊन वस्तीच्या रस्त्यावर उभे राहिले. मी तिथे दोन शिपाई बसवले. त्याहून जास्त माझ्याकडे नव्हते. रेडिओवर आणखी एका वादळाची सूचना होती आणि बांध उघडाच होता. कोणी कोणाबरोबर काम करायला तयार नव्हते. चोवीस तासांच्या आत आरोपीला दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करायचे होते. एकदा तो कोठडीत गेला की गावाच्या दृष्टीने गुन्हा शाबीत झाला असता, आणि त्या काठ्या कुठे वळल्या असत्या हे सांगायला नको.

आरोपीची बायको ठाण्यासमोरच्या कडुनिंबाखाली बसून होती. हेड कॉन्स्टेबल तिला घरी जायला सांगू लागला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "एट्टय्या, हवालदारसाहेब, बांध आमच्या बाजूला फुटून वस्ती वाहून गेली असती, तर तुम्ही कोणाला धरून आणले असते?"

हेड कॉन्स्टेबल आत निघून आला.

चौकशी सुरू केली. बांधावर का गेलास? उत्तर नाही. फावडे कशाला नेले? उत्तर नाही. सभेत तसे का म्हणालास? त्याने खिडकीबाहेर पाहिले. हेड कॉन्स्टेबल माझ्या कानाशी म्हणाला, "सार, अर्धा तास माझ्याकडे द्या." मी नको म्हटले. मार खाल्लेला माणूस जे बोलतो ते कोर्टात टिकत नाही, आणि हा माणूस भीतीने गप्प बसलेला दिसत नव्हता. भिणारा माणूस खोटे बोलतो, रडतो, दुसऱ्याचे नाव घेतो. हा कशाची तरी वाट पाहत असल्यासारखा बसला होता.

मी पंचनामा पुन्हा वाचायला घेतला. लिंबाच्या ओळीशी थांबलो. काही विशेष मनात न धरता विचारले, "खणायच्या आधी दगडापुढे कापूर लावलास?"

त्याने चमकून माझ्याकडे पाहिले. "सार, त्या दगडाजवळ आम्ही कसे जाणार? लांबूनच हात जोडतो."

दिवसभरातले त्याचे हे पहिले उत्तर होते.

मी हेड कॉन्स्टेबलला विचारले, त्या दगडापुढे लिंबू कोण कापते? त्याने अध्यक्षांच्या घराण्याचा मान सांगितला. दुसरा कोणी? दुसऱ्या कोणाची छाती नाही, तो म्हणाला. मग, दुरुस्तीच्या दिवशीचे असेल? पण दुरुस्ती होऊन महिना उलटला होता. लिंबू ताजे होते.

बांध नासवायला आलेला माणूस देवाची परवानगी घेत बसत नाही. ज्याला त्या बांधावर विधीशिवाय फावडे टाकता येत नाही, असा माणूस गावात एकच होता.

बांधावर जाऊन कोनाड्यातले अर्धे लिंबू मी रुमालात घेतले आणि फिर्यादीत काही तपशील राहिला आहे असे सांगून एकटाच अध्यक्षांकडे गेलो. त्यांनी ओटीवर खुर्ची मांडायला लावली, घरातून कॉफी आली. ओटीवर चढतानाच मला उंबऱ्याच्या कोपऱ्यात दुसरे अर्धे लिंबू दिसले होते. कडा नुकत्याच सुकू लागल्या होत्या. मी खिशातला रुमाल उघडला आणि कोनाड्यातले अर्धे त्याच्याशेजारी ठेवले. प्रश्न विचारला नाही.

त्यांनी दोन्ही तुकड्यांकडे पाहिले. मग आत हाक मारून बायकोला अंगवस्त्र आणायला सांगितले. ती म्हणाली, "या पावसात कुठे निघालात?"

"ठाण्यावर. सांगायचे राहिले आहे."

त्यांची जबानी सरळ होती. तलावाचे पाणी धोक्याच्या खुणेच्या वर गेल्यावर ते एकटेच सांडव्याच्या फळ्या काढायला गेले. फळ्या फुगून अडकल्या होत्या, हलेनात. दक्षिणेकडे बांधातून पाणी पाझरू लागले होते. तिथे फुटला असता तर वस्ती गेली असती. म्हणून ते उत्तर टोकाला, स्वतःच्या शेताच्या माथ्यावर आले आणि खणू लागले. थोड्याच वेळात दम लागला. तेवढ्यात तो सभासद फावडे घेऊन वर आला. तोही तेच करायला निघाला होता. त्याने त्यांना बाजूला बसवले आणि उरलेले खणले. निघताना अध्यक्ष त्याला म्हणाले, "तू बोलू नकोस. गावाला मी सांगेन."

मी विचारले, "मग सांगितले का नाही?"

"सकाळी दार उघडले तर ओटीवर माणसे होती. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी नाव ठरवले होते. मला फक्त 'तो नव्हे' एवढेच म्हणायचे होते." मग ते म्हणाले, "तेवढे म्हटले असते, तर पुढे फळ्यांचेही बोलावे लागले असते."

त्याच संध्याकाळी मी त्यांना देवळापुढे नेले आणि जमलेल्या गावासमोर तीच जबानी वाचून दाखवायला लावली. काठ्यावाले तरुण एकेक करून निघून गेले. मोठे नुकसान टाळण्यासाठी सद्‌हेतूने केलेले कृत्य गुन्हा ठरत नाही. कलम ८१ चा आधार घेऊन मी तसा अहवाल पाठवला. खोट्या फिर्यादीबद्दल अध्यक्षांना वरून ताकीद मिळाली. अध्यक्षपद तर त्यांनी देवळापुढेच स्वतःहून सोडले होते. सांडव्यावर पुन्हा फळ्या बसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दंडाधिकाऱ्यांच्या हुकमाने आरोपीला सोडले. मी त्याला विचारले की, गप्प का राहिलास.

"ते सांगेन म्हणाले होते, सार. मी वाट बघत होतो."

"आणि त्यांनी सांगितलेच नसते तर?"

दारापर्यंत जाऊन तो परत फिरला आणि आपले फावडे मागू लागला. ते मुद्देमालात आहे, कोर्टाच्या हुकमाशिवाय देता येत नाही, असे मी सांगितले.

"मग बांध कशाने भरू? आभाळ भरून आले आहे."

ठाण्याच्या बागेचे एक फावडे कोपऱ्यात होते. ते मी त्याला दिले आणि डायरीत नोंद केली. दुपारी गस्तीवर गेलो तेव्हा भगदाडात वीस-पंचवीस माणसे माती टाकत होती, गावातली आणि वस्तीतली. माजी अध्यक्ष काठावर बसून टोपल्या पुढे सरकवत होते. वादळ आले तेव्हा बांध बुजला होता.

नोकरीत मी पुष्कळ खोट्या फिर्यादी पाहिल्या. बहुतेकांच्या मागे लोभ किंवा वैर असे. या एका फिर्यादीमागे एक चांगले काम होते. ते कबूल करायचे तर आधीची चूक कबूल करावी लागत होती, आणि माणसाला ते जड गेले. तेव्हापासून फिर्यादीत नाव आले की ते कोणी घेतले एवढ्यावर माझे समाधान होत नसे. ते घेतले जात असताना कोण गप्प बसले होते, हेही मी विचारत असे.