सातव्या ग्रीनचा उतार

आमच्या भुजंगमामांनी अकरा वर्षं गोल्फचं मैदान सांभाळलं आणि त्या अकरा वर्षांत एकदाही बॉलला काठी लावली नाही. हे कळल्यावर मी त्यांच्या पाठीच लागले. का हो मामा, कधी वाटलंच नाही? कोणी बघत नसताना सुद्धा? ते नुसते हसायचे आणि गवत कापायचं मशीन ढकलत पुढं जायचे.

मला चौकशा केल्याशिवाय अन्न गोड लागत नाही, हे आधीच सांगून टाकते. मी ऋतुजा, गाव बिलोली. नांदेडहून भोकरकडं जाताना एक नऊ होलचं मैदान लागतं, तिथल्या ऑफिसात मी बसते. नांदेडात गोल्फ म्हटलं की लोक आधी हसतात. हसू द्या. कडुलिंब, करंज आणि जुन्या चिंचांच्या मधून हिरवे पट्टे गेलेत, कडेनं ओढा आहे, आणि रविवारी डॉक्टर-वकील मंडळी टोप्या घालून येतात. खेळ तसा साधा. काठीनं बॉल मारत मारत लांबच्या खळगीत नेऊन टाकायचा. जितके कमी फटके तितकं चांगलं. खळगीभोवती अगदी बारीक कापलेलं गवत असतं, त्याला ग्रीन म्हणतात. ती नऊच्या नऊ ग्रीन मामांच्या हातची.

मामा एकसष्टचे. उंच, जरा वाकलेले, कमरेला कायम पंपघराची किल्ली. मैदान बनत होतं तेव्हा माती टाकायला आले आणि राहूनच गेले. शेत आता मुलं बघतात. त्यांची एक सवय सगळ्यांना माहीत होती. ग्रीनवर पाय ठेवायच्या आधी ते चपला काढायचे, मग ऊन असो की चिखल. मी विचारलं, तर उलट मलाच विचारलं, खळं सारवून घोटून तयार केल्यावर त्यात कोणी चपला घालून जातं का? मी म्हटलं, अहो, पण इथं कुठं ज्वारी पडतीय?

"काय का पडंना," मामा म्हणाले. "एवढी घोटलेली जागा हाय. पाय धजत न्हाई."

त्यांच्या ग्रीनला कोणी नावं ठेवत नव्हतं, सातवं सोडून. सातव्यावर बॉल सरळ लोटला तरी डावीकडं, ओढ्याच्या अंगाला पळायचा. डोळ्याला तर जागा सपाट दिसायची, कारण आजूबाजूची सगळी जमीनच ओढ्याकडं झुकलेली. दर रविवारी कोणीतरी चिडून माझ्या टेबलावर येऊन भांडायचं, जसं काही मीच फुंकर मारून बॉल हलवला होता.

शेवटी मालकांनी पुण्याहून एक सल्लागार बोलावले. ते दोन दिवस फिरले आणि लिहून गेले, की सातवं ग्रीन उखडून नवं करावं आणि सगळीच देखभाल मशीनवाल्या कंपनीला द्यावी. खाली आणखी एक ओळ होती. ज्यानं आयुष्यात एक फेरी खेळलेली नाही, त्याच्या हाती मैदान कसं देता? तो कागद आधी माझ्याच हातात आला. वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आमचे मॅनेजर शिवशंकर सर लातूरचे, मोजकं बोलणारे. त्यांनी मामांना बोलावून स्पष्ट सांगितलं. सोमवारी मैदान बंद असतं, तुम्ही पूर्ण फेरी खेळा. सातव्याचं दुखणं काय ते तुम्हाला सांगता आलं, तर मी मालकांशी भांडेन. नाही आलं, तर पहिल्या तारखेपासून कंपनी येईल आणि तुम्हाला घरी बसावं लागेल. मामा "हाव" म्हणाले आणि पाणी सोडायला गेले.

सोमवारी सकाळी सातला आम्ही तिघं निघालो. फटके लिहायला मी. मामांच्या पायात सरांचे जुने बूट, तेही एक नंबर मोठे. पहिला फटका त्यांनी लाकूड फोडल्यासारखा वरून घातला. बॉल दहा पावलं गेला आणि ढेकूळ वीस पावलं. मामांनी काठी ठेवली, ढेकूळ उचलून आणलं, जागेवर बसवलं, तळहातानं दाबलं, मग पुढं निघाले. पहिल्या होलला चौदा फटके लागले, आणि अर्धा वेळ ढेकळं बसवण्यातच गेला. सर आकाशाकडं बघत होते.

ग्रीन आलं की बूट काढा, मोजे काढा, बुटात कोंबा. दोनदा सरांनी घड्याळ बघितलं, तिसऱ्यांदा खालीच बसले. पण तिसऱ्या होलपासून मामांचा हात बसला. लांब जाईना, पण बॉल सरळ जायला लागला. मला राहवेना. कसं वाटतंय मामा, मजा येतीय का? ते म्हणाले, गंमतच हाय, गवताच्या केसावरून सुद्धा वळून राहिला की हा. ग्रीनवर लोटलेला बॉल थांबला तरी ते त्याच्या वाटेकडं बघत उभे राहायचे. सहाव्यावर एक लव्हाळ्याचा कोंब दिसला, तो उपटून त्यांनी खिशात घातला.

मग सातवं आलं. बॉल ग्रीनवर यायला आठ फटके लागले, आणि खळगी अजून वीस पावलं लांब. मामांनी बूट काढले आणि अनवाणी उभे राहिले. बराच वेळ. मग कडेकडेनं एक चक्कर मारली, खाली बसले, गवतावर हात फिरवला. मी काही विचारणार तेवढ्यात सरांनी मला खुणेनं गप्प केलं.

मामा परत आले आणि खळगीकडं नाही, उजवीकडच्या चिंचेकडं तोंड करून उभे राहिले. मला वाटलं, झालं, म्हातारा चकला. त्यांनी हळूच लोटलं. बॉल चिंचेकडं गेला, मंदावला, घराची वाट सापडल्यासारखा डावीकडं वळला आणि थेट खळगीत पडला. मी टाळ्याच वाजवल्या. कुणाही डॉक्टर-वकिलाला हे जमलेलं मी पाहिलं नव्हतं.

सरांचा चेहरा खुलला. खिशातून फोन काढून ते लिहायलाच लागले, की हेच मालकांना सांगतो, माणसाच्या पायाला जे कळतं ते मशीनला कळणार नाही. मामा, कसं ओळखलं सांगा बरं!

आता गप्प बसले असते तरी काम झालं होतं. नोकरी वाचली होती. मामा आपल्या पायांकडं बघत होते.

"वळखायचं काय त्यात, सर," ते म्हणाले. "हा उतार मीच केलाय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. ही जागा खोलगट, काळ्या मातीची. पहिल्याच वर्षी इथं पाणी साचून गवत कुजलं आणि मामा घाबरले. शेतात पाणी तुंबलं तर ते जे करायचे तेच त्यांनी इथं केलं. दर वर्षी गवतावर वाळू टाकताना चिंचेच्या अंगाला अर्धं बोट जास्त टाकली, पाणी ओढ्याकडं निघून जावं म्हणून. गवत झकास आलं. लोक म्हणायचे बॉल डावीकडं पळतो, तर मामांना वाटायचं, मारणाऱ्याचाच हात वाकडा असंल. पाण्याच्या वाटेनं बॉलही जातो, हे त्यांना आज सहा ग्रीन खेळल्यावर कळलं.

मला इतका राग आला मामांचा! अहो, उतार कोणी केला हे कुठं कोणी विचारलं होतं? सरांनी फोन खिशात घातला आणि ते आठव्याकडं चालायला लागले. आठवं आणि नववं तसंच गेलं. मामा तेवढे बूट काढत होते आणि घालत होते. शेवटी मी कार्डावर त्र्याण्णव लिहिलं.

पंपघरापाशी मामांनी बूट काढले, उपरण्यानं पुसले आणि पायरीवर ठेवले. कमरेची किल्ली काढून सरांसमोर धरली.

"त्या साहेबांनी खरं लिहिलंय," ते म्हणाले. "खेळल्याबिगर कळत न्हाई."

माझे डोळे भरून आले, लपवणार कशाला.

सरांनी किल्ली घेतली नाही. उतार काढता येईल का, एवढंच विचारलं. मामा म्हणाले, येईल, पाण्याला खालून चर काढून देतो, मग उताराची गरज न्हाई. पण एकदम खरडलं तर मुळं मरतील. चढवला तसाच उतरवावा लागंल, सालाला अर्धं बोट.

"म्हणजे किती वर्षं?"

मामांनी बोटांच्या पेरांवर प्रामाणिकपणे मोजलं. "अकरा. पण तवर मी बहात्तरचा होईन, सर."

"व्हा," सर म्हणाले. "मालकांचं मी बघतो." आणि त्यांनी मामांची मूठ किल्लीवर मिटवली.

मामांनी मग किल्ली कमरेला खोचली, कोपऱ्यातलं फावडं घेतलं आणि सातव्याकडं चालायला लागले. बूट पायरीवरच होते.