मायचं पोवारी गाणं
तव्यावरच्या धिरड्याचा वास आला की आमच्या गावची, दवनीवाड्याची ती सकाळ आठवते. भाऊ पॅरिसहून बायको-पोराला घेऊन आला होता. फ्रेंच वहिनीने तिच्याकडच्या सणाची धिरडी केली. एका मुठीत शकुनाचं नाणं धरून ती धिरडं हवेत उलटवायची आणि पोरासोबत तिकडचं गाणं म्हणायची. अख्ख्या घराने टाळ्या वाजवल्या. मग मायने नातवाला मांडीवर घेऊन आमच्या पोवारी बोलीतलं गाणं धरलं, तर भाऊ खेकसला, "माय, हे कायले शिकवून राहिली? जबान बिघडंल त्याची." मायने नातवाला मांडीवरून खाली उतरवलं. पुन्हा तिने ते गाणं म्हटलंच नाही. आता ती नाही. परवा भाऊचाच फोन आला, "पोराला तिकडच्या शाळेत बापाच्या घरच्या भाषेतलं गाणं म्हणायचं आहे. मायचं ते गाणं येते का कोणाले?" मी म्हटलं, "येत होतं एकीले."