उद्यासाहेबांची स्कूटर

पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारींची एक खिडकी होती आणि तिच्यामागे बसून त्यांनी सगळी नोकरी काढली. कोणाचा नळ कोरडा, कोणाचं मीटर नुसतंच पळतंय, कोणाच्या मोरीत शेजाऱ्याचं पाणी. सगळं ते शांतपणे ऐकून घेत, चष्मा पुसत आणि म्हणत, "उद्या या." आवाज इतका मऊ, की माणूस आभार मानून निघे आणि पार जिना उतरल्यावर त्याला कळे, की आपल्या पदरात काहीच पडलेलं नाही. लोक त्यांना उद्यासाहेब म्हणत. त्यांना हे ठाऊक होतं, पण त्यातलं 'साहेब' तेवढं त्यांना ऐकू येई.

निवृत्त झाल्यावर घरात खिडक्या पुष्कळ होत्या, तक्रार घेऊन मात्र कोणी येईना. मग त्यांनी स्वयंपाकघरात लक्ष घातलं. सगळे डबे उंचीप्रमाणे लावले, त्यामुळे मीठ कुठे गेलं ते कोणालाच सापडेना. बायकोने काही दिवस सोसलं आणि एका सकाळी हातातलं पातेलं खाली ठेवून ती म्हणाली, "अहो, जिन्याखाली तुमची स्कूटर कुजतेय. तिचं काहीतरी करा ना."

लग्नानंतर घेतलेली ती स्कूटर कार्यालयाची बस सुरू झाली तेव्हा जिन्याखाली गेली, ती गेलीच. इमारतीतल्या लोकांनी तिला फर्निचर मानलं होतं. सीटवर रद्दी, हँडलला पायपुसणी वाळत घातलेली, पाय ठेवायच्या जागी रंगाचे रिकामे डबे. टायर बसले होते, टाकीत गंजाचा चिखल झाला होता आणि सीटच्या फोममध्ये एका उंदरीणबाईने बाळंतपण उरकलं होतं.

उद्यासाहेबांनी ती ढकलत गॅरेजात नेली. वाटेत ज्यांनी काही विचारलं नाही त्यांनाही थांबवून सांगितलं, "ओरिजिनल आहे. असा पत्रा आता मिळत नाही."

मेकॅनिक पन्नाशीचा, मितभाषी माणूस. त्याने किकवर पाय ठेवून पाहिला. किक हलली नाही.

"इंजिन जाम आहे. होईल."

"कधी?"

मेकॅनिकने फडक्याला सावकाश हात पुसले. "उद्या या, साहेब."

उद्यासाहेब चपापले. पण ते दुसऱ्या दिवशी गेले आणि मग जातच राहिले. कधी कार्ब्युरेटर पेट्रोलमध्ये भिजत पडलेला असे, कधी क्लचची वायर परगावाहून यायची असे, कधी रंगवाला सासुरवाडीला गेलेला असे. दुसरा कोणी चिडला असता. हे मात्र एखाद्या उस्तादाने दुसऱ्याचं गाणं ऐकावं तसे मान डोलवत ऐकत. कारण दरवेळी नवं, सूर मात्र तोच. आपल्यामागे ही विद्या बुडणार, अशी त्यांना मनातून धास्ती होती. त्यांचा जीव भांड्यात पडला.

एकदा ते स्टुलावर बसलेले असताना एक गिऱ्हाईक तावातावाने आलं. मेकॅनिक मोटारसायकलखाली आडवा झालेला. उद्यासाहेबांना राहवेना. त्यांनी चष्मा पुसत त्या माणसाचं सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्या तोंडून तेच दोन शब्द बाहेर पडले. माणूस "बरं, आभारी आहे" म्हणून गेला. मेकॅनिकने मान बाहेर काढून पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून स्टुलाच्या जागी हातांची खुर्ची आली.

उद्यासाहेब डबा घेऊन जाऊ लागले. रांग लागू लागली. एक म्हातारे गृहस्थ तर कसलीही गाडी नसताना आले. त्यांचा नळ अजून कोरडाच होता.

स्वतःच्या स्कूटरची चौकशी उद्यासाहेब मधूनमधून करत. मेकॅनिक म्हणे, "चाललंय, साहेब. काम बारीक आहे." त्यावर ते समजूतदारपणे मान हलवत.

एके दुपारी डबा धुवायला ते गॅरेजच्या मागच्या अंगाला गेले. तिथल्या बोळातून एक निळी, चकचकीत स्कूटर आली आणि नळापाशी थांबली. पायाशी भाजीची पिशवी आणि हँडल धरून त्यांची बायको.

"अगं, तू?"

"मीच," ती म्हणाली. "आज डबा लवकर खाल्लात?"

"ही कधी झाली?"

"झाली की मागेच. मीच या मेकॅनिकभाऊंना म्हटलं, घाई करू नका. तुम्ही इथे खुशीत, मी तिथे. नुसती उभी होती, म्हटलं शिकून घ्यावी. त्यांच्या बायकोने शिकवलं."

उद्यासाहेब मागच्या दारात आलेल्या मेकॅनिककडे वळले. तो एक पाना फार मन लावून पुसत होता. रोज हेलपाटे घालायचे, रोज कोणीतरी गोड बोलून परत पाठवायचं, आणि काम मात्र कधीचं झालेलं. खिडकीबाहेरची ती सगळी तोंडं डोळ्यांसमोर येऊ पाहत होती. तेवढ्यात पुढून एका गिऱ्हाइकाने हाक मारली आणि तो विचार मागे पडला.

संध्याकाळी ती न्यायला आली. "मी चालवतो," ते म्हणाले. तिने मुकाट्याने हँडल दिलं. त्यांनी किक मारली. गुडघा वाजला, स्कूटर नाही.

"थोडी वाकडी करावी लागते तिला," असं म्हणून तिनेच ती सुरू केली.

ते मांडीवर पिशवी घेऊन मागे बसले.

"गिअर बदल."

"बदललाय."

"समोर सायकल आहे."

"दिसतेय मला."

वळण तिने जरा जोरातच घेतलं, तेव्हा त्यांनी तिचा खांदा धरला. पुढे रस्ता सरळ झाला तरी हात तिथेच राहिला.

आता ती रोज सकाळी त्यांना गॅरेजात सोडते आणि पुढे जाते. कुठे, ते त्यांनी अजून विचारलेलं नाही. गिऱ्हाइकं फारच कुरकुरू लागली, की ते खुर्चीत मागे रेलून सांगतात, "माझ्याच स्कूटरचं घ्या. मागे लागून करून घेतली. माणसाला धीर पाहिजे." लोकांना ते पटतं.