वहिनीची पाटी

“हे व्हय?” असं विचारताना वहिनी पाटी छातीशी धरायच्या आणि पाटीकडे न बघता समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायच्या. चित्र ओळखू आलं की नाही, हे समोरचा बोलायच्या आधीच त्यांना कळायचं. आपण काही म्हणेपर्यंत त्यांनी पदराच्या टोकाने ते पुसूनही टाकलेलं असायचं.

नव्वदच्या दशकात हिंगोलीत आम्ही शेजारी होतो, मधे एकच भिंत. मी जवळच्या गावच्या शाळेत शिकवत होते. त्यांचे मालक मोंढ्यात हळदीच्या आडतीवर कारकून होते. त्यांना सगळी गल्लीच वहिनी म्हणायची. प्रत्येक गल्लीत अशी एक बाई असते बघा, जिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही असं सगळ्यांना वाटतं. आम्हालाही तसंच वाटायचं.

मग त्यांच्या सासूबाईंना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डोकं मात्र शाबूत होतं, आणि स्वभावही. म्हातारी आयुष्यभर घरावर हुकूम चालवत आली होती. आता पाणी हवं की पांघरूण, हेही सांगता येईना. डाव्या हाताने खाटेच्या कडेवर थापटायची आणि डोळ्यांतून पाणी काढायची. वहिनी एकेक वस्तू आणून दाखवायच्या. एकदा घरातलं निम्मं सामान खाटेभोवती जमलं, तेव्हा त्यांनी मुलाची जुनी पाटी काढली.

पहिला तांब्या भोपळ्यासारखा आला. म्हातारी अर्ध्या तोंडाने हसली आणि तिने पाटी ढकलून दिली. वहिनींनी खरा तांब्या खिडकीत ठेवला आणि त्याच्यासमोर बसल्या. दोन-तीन दुपारी तशाच गेल्या. मग मला हाक मारून म्हणाल्या, “बाई, तांब्याचं तोंड गोल हाय ना? मग इथून लांबट काहून दिसून राहिलं? म्या गोल काढत व्हते, म्हनून चुकत व्हतं.” घरी येऊन मीही माझा तांब्या खिडकीत ठेवून पाहिला. खरंच लांबट दिसत होता. आम्ही दोघी त्यावर पुष्कळ हसलो.

तिथून त्यांचं शिक्षण सुरू झालं. शिकवणारं कोणी नव्हतं, तपासणारी होती. चित्र पटलं की म्हातारी डोळे मिटायची, नाही पटलं की पाटी ढकलायची. कांबळ, औषधाची बाटली, खिडकी, नातवाची चप्पल. वर्षभरात पाटी ढकलणं कमी होत गेलं. लग्न झाल्यापासून सासूने त्यांना कधी चांगलं म्हटलं नव्हतं. वहिनी एकदा म्हणाल्या, “आता दिवसातून धा बार व्हय म्हनत्यात आत्याबाई.”

एका हिवाळ्यात म्हातारी स्वतःच्या कानाची पाळी ओढू लागली. वहिनींनी कर्णफूल काढलं. ढकललं. कान दुखतो असं समजून तेल घातलं, तर म्हातारीने मान फिरवली. शेवटी वहिनींनी नुसता कान काढला, तेव्हा डोळे मिटले. पण तेवढ्याने भागलं नाही. बोट पाळीवरच, मधून खाली रेघ ओढत राहिलेलं. वहिनींनी पाळी मधोमध चिरलेली दाखवली. म्हातारी रडायला लागली.

मग त्या कानाभोवती चेहरा उभा राहू लागला. बाईचा काढला, ढकलला. पुरुषाचा काढला, डोळे मिटले. वहिनी आता सगळं पुसत नसत, चुकलं तेवढंच पुसायच्या. मिशा आल्या, फेटा आला. नाकासाठी तर तीन दुपारी गेल्या. कोण आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. एके संध्याकाळी मालक मोंढ्यातून आले आणि पाटी बघून दारातच थांबले.

“हा तर मामा. तू कुठं पाहिलास?”

“न्हाई पाहिला,” वहिनी म्हणाल्या.

पाहणार कशा? शिरड शहापूरचा हा मामा म्हातारीचा एकुलता भाऊ. त्याची मुलगी सून म्हणून करायची, असं बहीण-भावाचं ठरलं होतं. सासऱ्यांनी ऐनवेळी वहिनींचं स्थळ पक्कं केलं. मामा लग्नाला आला नाही आणि पुढे त्या घराची पायरीही चढला नाही. घरात त्याचं नाव निघत नसे.

मालक म्हणाले, “माझ्या लग्नाला आला न्हाई त्याच्या दारात मी जानार न्हाई.” वहिनी वाद घालत बसल्या नाहीत. रविवारी मला म्हणाल्या, “बाई, तुमी चलता का संगं?”

एसटीत त्यांनी पाटी मांडीवर आडवी धरली होती. चित्र पुसलं जाऊ नये म्हणून तिला कोणाला हात लावू देत नव्हत्या. मामा अंगणात तूर झोडपत होते. वहिनी पाया पडल्या आणि नाव न सांगता पाटी पुढे केली.

“हे व्हय?”

मामांनी ती बराच वेळ पाहिली. “कोनं काढलं?”

“आत्याबाईनं सांगितलं, म्या काढलं.”

“तिला बोलता येत न्हाई म्हनत्यात.”

“न्हाई येत. म्हनून तर काढावं लागलं.”

म्हाताऱ्याने वर पाहिलं. “म्हंजे तूच ती?”

“व्हय. मीच.”

मला वाटलं, आता हा पाठ फिरवून आत जाणार. त्यांनी काठी खाली ठेवली आणि बसलेल्या गालांवरून हात फिरवला. “इतका जवान कुठं राहिलो म्या,” ते म्हणाले. “तिच्या ध्यानात तसाच हाय वाटतं.” मग घरात वळून म्हणाले, “पोरीला पानी आना.”

दुसऱ्या दिवशी ते हिंगोलीला आले. म्हातारीने त्यांचा फाटका कान हाताने चाचपला. ते तिला पेज भरवत बसले. त्यानंतरचा उन्हाळाभर ती जगली, तोवर मामा दर बाजाराच्या दिवशी येऊन जात. मालक आधी नुसतेच बसायचे, पुढे बोलू लागले.

म्हातारी गेल्यावर कितीतरी महिने वहिनींनी काहीच काढलं नाही. आमच्या शाळेच्या चित्रकलेच्या सरांना मी त्यांच्याबद्दल सांगितलं होतं. त्यांनी निरोप दिला की परीक्षेला बसवू, प्रमाणपत्र मिळेल. वहिनी म्हणाल्या, “सर चांगलंच म्हनतील हो. ढकलून देनारं मानूस पायजे.”

एका दुपारी मात्र त्या ओट्यावर बसून समोरच्या भिंतीवर सरकणारी लिंबाची सावली काढताना दिसल्या. “आता कोणासाठी?” मी विचारलं.

“कोनासाठी न्हाई. आता मी पाहून राहिले.”

पुढे त्यांच्या मुलाला नांदेडला नोकरी लागली आणि घर हलवायचं ठरलं. सामान भरून टेम्पो सुरू झाला, मालक वर बसले. वहिनी चढता चढता थांबल्या आणि मागे वळल्या.

“बाई, जरा अशाच उभ्या ऱ्हा.”

मी दारात उभी राहिले. त्या माझ्याकडे बघत होत्या. आधी कपाळ, मग नाक, मग हनुवटीशी बराच वेळ. ड्रायव्हरने हॉर्न दिला. “झालं,” म्हणाल्या आणि चढल्या.

टेम्पो कोपऱ्यावरून वळून गेला तरी मला तिथून हलवेना.