बिरोबापुढं विसरलेला सवाल

अगं, अशी जवळ सरक की. फोनवर नुसतं ‘आत्ती, बरी आहेस ना’ विचारतेस अन् उत्तर यायच्या आत ठेवून देतेस. आता ऐक, अन् मधे बोलू नकोस. माझा धागा तुटतो.

तुझ्या मामांच्या, म्हणजे माझ्या मालकांच्या माघारी मला एचआयव्ही निघाला, तेव्हापासून रोजची गोळी चालू आहे, हे तुला ठाऊक आहे. अंग ठणठणीत होतं. पण मधे डोकंच धुरकटलं. भाकरी तव्यावर करपायची अन् मी शेजारी बसून कसला वास येतोय म्हणायची. आपल्याच वस्तीची वाट चुकले. मनानं घेतलं, या गोळ्यांनीच डोकं नासवलं. म्हणून कवठे महांकाळकडं बिरोबाला कौल लावायला गेले. देवानं होकार दिला की गोळ्या बंद करायच्या.

पुजाऱ्यानं देवाच्या दोन्ही अंगांना फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं तर होकार. म्हणाला, “इचारा आजी.” आणि मला सवालच आठवेना! किती आठवलं, डोक्यात नुसता भंडारा उधळल्यासारखं पिवळं. मागची एक हसली, “आवं, देव तयार हाय, आजीच न्हाई!” तेवढ्यात उजवं फूल पडलं. कशाला होकार मिळाला, काही कळेना.

बाहेर पायरीवर बसून रडले. रांगेतली एक बाई शेजारी टेकली, हळूच म्हणाली, “पिशवीतली गोळ्यांची बाटली लय वाजतीया. कापूस घाला, मी तसंच करते.” मी चरकले, म्हणजे तिलाही त्याच गोळ्या होत्या. ती म्हणाली, “माझंबी डोकं असंच झालतं. डॉक्टरला सांगितलं?”

“न्हाई. देवाला सांगायला आले.”

“मग त्यानं व्हय म्हटलंय. चला.”

तिनंच मला एसटीनं सांगलीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, म्हणाले, हा विषाणू मेंदूतही शिरतो, विसर पाडतो. तुम्ही विसरून गोळ्या चुकवल्या, म्हणून तो आणखी बळावला. गोळी सोडू नका. तेव्हापासून नेमानं घेते, आता डोकं पुष्कळ निवळलंय, सगळं नाही.

सवाल आठवला असता तर त्याच फुलानं मी गोळ्या सोडल्या असत्या. तो आजारानं विसरायला लावला की बिरोबानं, मला अजून उमगत नाही. बाईचं नावही आठवत नाही, नुसता हात जोडते. देवाला आता काही विचारत नाही. भंडारा लावते, गोळी घेते, म्हणते, तुझं तू बघ.

परत लवकर ये गं. कधी तुझं नाव चुकले तर रुसू नकोस, अशीच जवळ बस.